टेंबलाईच्या पायरीवर बसलो

माझी बायको गेल्या हिवाळ्यात वारली. त्यानंतर मी देवाला हात जोडले न्हाईत. जोडायला तोंडच नव्हतं. ती वर्षानुवर्षं माझ्यासमोर पोट धरून बसायची आणि मी म्हणायचो, "सगळ्याच बायकांचं दुखतं. तुझंच काय निराळं?" शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर भट्टीपुढं उभं राहून घरी यावं, तर ही भिंतीकडं तोंड करून पडलेली. पोरबाळ झालं न्हाई म्हणून भावकीनं तिला वांझ म्हटलं, तेव्हाही मी गप्प. एकदा म्हणाली, "मला जगावंसंच वाटंना." मी म्हणालो, "नाटकं पुरी. भाकरी टाक." पुढं पाळी गेली, कळा थांबल्या, पण तिचं हसणं काही परत आलं न्हाई.

आषाढात नदीचं नवं पाणी नेऊन टेकडीवरच्या टेंबलाई देवीच्या पायऱ्यांवर ओतायचा आमच्याकडं रिवाज. तिला त्याची फार हौस. एका वर्षी कळशी घेऊन निघाली आणि टेकडी चढताना मध्येच मटकन खाली बसली. मागं पिपाणी-ढोलाचं पी-ढबाक वाजत होतं, सगळी गल्ली बघत होती. मला लाज वाटली. "ऊठ, लोक बघाय लागल्यात," म्हणत मी कळशी हिसकावली आणि तिला तिथंच सोडून वर गेलो. तिनं पुन्हा जत्रेचं नाव काढलं न्हाई.

यंदा तीच कळशी भरून एकटाच निघालो. देवीला एवढंच विचारायचं होतं, माझं चुकलं ते आता कुणाजवळ बोलू? मध्यावर गुडघ्यांनी दगा दिला. तेवढ्यात तिशीतली एक बाई मागनं आली. "आजोबा, द्या हिकडं," म्हणून तिनं कळशी घेतली. दहा पायऱ्या चढली आणि पोट धरून मटकन बसली. "पाच मिनिटं बसतो हं." माझी बायको बसली होती, तीच ही जागा.

"पाळीचं दुखणं?" जन्मात कुठल्या बाईला असं विचारलं नव्हतं.

"लई धीट की ओ आजोबा!" ती दुखण्यातही हसली. "एंडोमेट्रिओसिस म्हणत्यात. गर्भपिशवीच्या आत असतंय तसलं अस्तर बाहेर वाढतंय. पोटापरास मनाला जास्त खातंय बघा. सगळं नकोसं हुतंय. मनाच्या डॉक्टरकडं बी जातो, तर सासू म्हणती येडी झाली."

"मग कुणी काय म्हटलं की बरं वाटतं?"

"काय म्हणाय नको. शेजारी बसलं तर बास."

मी ओल्या पायरीवर बसलो. पी-ढबाक पुढनं गेलं. गल्लीतली माणसं, "काय म्हातारबा, दमला व्हय?" म्हणत गेली. मी उठलो न्हाई. बायकोचं सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "ह्याला नाव हाय, हे मावशींना कुणी सांगितलंच न्हाई." कळ ओसरल्यावर आम्ही दोघांनी कळशीला हात लावून पाणी ओतलं.

ती कोण, कुठली, मी विचारलं न्हाई. देवीनंच धाडली का, ते माझ्यासारख्या अडाण्याला कळत न्हाई. मी विचारायला गेलतो आणि देवी आईनं मला बसवलं. जिथं तेव्हा बसायला पाहिजे होतं तिथंच, पण बायको गेल्यावर. तरी बसवलं, हे तिचे उपकार. आता दर मंगळवारी जातो. मागत काही न्हाई. त्या पायरीवर टेकतो, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.