विधानसभेतली हजेरी

मुरबाडच्या कारखान्यात भरतीचे अर्ज मी तपासतो. काल एका मुलीच्या अर्जावर ठळक अक्षरांत पत्ता दिसला, खर्डी, तालुका शहापूर. आणि मला विधानसभेची प्रेक्षक गॅलरी आठवली, तिथल्या अंगावर काटा आणणाऱ्या गार हवेसकट.

तेव्हा इथले कारखाने आम्हाला घेत नसत. ही पोरं भातलावणीला दांड्या मारतात, असं म्हणत. म्हणून आम्ही अर्जावर कल्याणच्या मामाचा पत्ता टाकायचो. विरोधी पक्षाच्या आमच्या आमदारबाईंनी ते पाहिलं आणि त्या भडकल्या. "गाव लपवून नोकरी मागता रे? लिवा परत!"

मग आम्हाला गॅलरीत बसवून त्या सभागृहात उभ्या राहिल्या. "कारखान्यांना सवलती देता, जमीन आमची घेता, मग पोरं आमची का नकोत? लावणीला पाळीपाळीने रजा द्या," म्हणाल्या, आणि एकेका अर्जदाराचं नाव गावासकट वाचू लागल्या. मंत्री कागद चाळत होते.

"विलास, खर्डी."

"हजर!" मी शाळेतल्यासारखा ताडकन उभा राहून ओरडलो.

सभागृह हसलं. मार्शलने मला दंडाला धरून बाहेर काढलं. पण मंत्र्यांनी मान वर करून पाहिलं होतं, आणि उत्तरात त्यांनी नोकरीची आणि लावणीच्या रजेची, दोन्ही मागण्या मान्य केल्या.

"बाई, चुकलो," मी नंतर म्हणालो.

"चुकला नायस. माझ्या अख्ख्या भाषणापेक्षा तुझा एक शब्द भारी पडला."

त्या दिवशी लाजेने कान तापले होते. आज कारखान्यात लावणीच्या रजांच्या पाळ्या मीच लावतो, आणि पहिली रजा माझी असते.