पेरापेराला मूळ

कुंदामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिनेच जपलेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी पत्रक लिहीत होते. नागपुरात जरीपटक्यातल्या आमच्या वसाहतीत नाल्याकाठी एक मोकळी पट्टी आहे, आणि तिच्यावर सिमेंटचे गट्टू बसवायचा कमिटीचा हट्ट आहे. माती दिसली की या लोकांना लाज का वाटते, मला अजून कळलेलं नाही.

मावशी सरकारी बागेतून निवृत्त झालेली माळीण. आमची ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. तीन वर्षांपूर्वी 'माती वाचवा'चे फलक घेऊन आम्ही त्या पट्टीची सफाई केली आणि जमिनीवर पसरलेली सगळी वेल तण समजून उपटली. मावशी खुरपं घेऊन आली. "काहून उपटून राहिल्या वं? माती तर तिनंच धरून ठेवली." मग भर उन्हात बसवून तिने आम्हाला जलपिंपळी शिकवली... समोरासमोर जोडीने येणारी जाडसर पानं, दाते फक्त टोकाकडे. लांब देठावर आगकाडीच्या गुलाहून जरा मोठं फूल, मधे जांभळं, भोवती पांढरं कडं. मे महिन्यातही हिरवी. आणि प्रत्येक पेराला मूळ. म्हणून तर उपटलेले तुकडे संध्याकाळपर्यंत परत लावता आले. सगळे जगले. माझी पूर्ण यशस्वी झालेली मोहीम तेवढीच.

तिच्याकडून कुणी रिकाम्या हाताने परतत नसे. वेलीचं एक पेर तोडायची, ओल्या कागदात गुंडाळून द्यायची. कागद माझ्याच पत्रकांचे. मी चिडले की म्हणायची, "वाचते कोण वं? असं तरी घरात जाते."

गट्टूंचा विषय पहिल्यांदा निघाला तेव्हा तिने कमिटीच्या अध्यक्षांना पट्टीवर नेलं आणि वेल उपटून दाखवा म्हणाली. ते ओढत गेले, वेल पेरापेराला अडत गेली, शेवटी तुटली आणि साहेब मागच्या मागे बसले. "खुर्चीहून घट्ट आहे न भाऊ?" सगळ्यात मोठ्याने तेच हसले. ठराव मात्र नुसता पुढे ढकलला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, मावशीसाठीची वंदना आटोपल्यावर, तिच्या मुलीने, रंजनाने, निघणाऱ्या प्रत्येकाला एक पेर दिलं. कागद कमी पडले. माझ्या पिशवीत ते नवं पत्रक होतं, नुकतंच छापून आलेलं... मी गठ्ठाच काढून दिला. अध्यक्षांनीही पुडी घेतली.

परवा कमिटीच्या बैठकीत गट्टूंचा ठराव पुन्हा आला. मी भाषण पाठ करून गेले होते. अध्यक्ष आधीच म्हणाले, "थो तुकडा राहू द्या गा. माह्या फाटकापाशी लागली थे वेल. आता इथं कोणत्या तोंडानं उपटू?" भाषण तसंच राहिलं.

पत्रकं मी अजून छापते. फक्त कागद जरा जाड घेते. ओला झाल्यावर फाटायला नको.