पिसांच्या वहीला पेटी

सकाळी गाडी पुणे स्टेशनात शिरली, तेव्हा अकोल्यापासून मांडीवर धरलेल्या पिशवीनं माझे पाय बधिर झाले होते. पिशवीत बाबांची वही होती. बाबा निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं तलावाकाठी पक्षी पाहून त्यांनी नोंदी केल्या, सापडलेली पिसं पानांवर चिकटवली. आता कागद कडेनं झडू लागला होता. वहीच्या मापाची पेटी करून घ्यायला मी आले होते.

हिंजवडीला भाचीकडे पोचेपर्यंत मी अकोल्याहून अमरावती गाठली असती, एवढी वाहनं! "मावशी, ऑनलाइन प्लास्टिकचा बॉक्स मागवू ना, सिम्पल!" म्हणत तिनं पोहे दिले. पोह्यांत साखर होती. मी वर हिरवी मिरची मागून घेतली.

दुपारी शनिवार पेठेतल्या एका बाइंडरांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून वहीकडे पाहिलं.

"पोट सुटलंय हिचं."

"आत पिसं आहेत."

"मग काढा. पिसं पक्ष्याला शोभतात."

"अहो, पिसं काढली तर उरलं काय?"

"ते आपण ठरवा. असली कामं धायरीच्या सुमनताई करतात." पत्ता मात्र त्यांनी नकाशा काढून दिला, गतिरोधकांसह.

दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावर बसमधल्या शेजारणीशी गप्पांच्या नादात एक थांबा पुढे उतरले आणि उन्हात मागे चालत आले. दोन उंच इमारतींच्या मधल्या बैठ्या घरात सुमनताई पुठ्ठा कापत होत्या. साठीच्या असतील. छापखान्यात बाइंडिंग शिकल्या, आता घरीच करतात.

"वही ठिवून जा, चार दिसांनी या."

"वही सोडून मी जाणार नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तुमी बी बसा. चहा घेता न्हवं?"

शिकंजा (पानं दाबायचं यंत्र) त्यांनी लांब सारला. वहीची जाडी चार ठिकाणी मोजली आणि संध्याकाळपर्यंत निळ्या कापडाची सुरेख पेटी उभी केली. मी खूश! पण झाकण मिटताना मोरपिसाच्या पानातून बारीक करकर ऐकू आली. सुमनताईंनी वही अलगद बाहेर काढली, पीस तपासलं. शाबूत होतं. मग पेटी उभी फाडली.

"ही न्हाई चालायची. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी फुगीर बाजूला खोल जागा ठेवली, झाकणाला आतून कापसाची मऊ गादी लावली. खळ (पिठाचा चिकट गोंद) वाळेपर्यंत मी वही वाचून दाखवत होते. 'आज बगळ्यानं म्हशीवर बसून माझ्याकडे पाठ केली.'

सुमनताई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "आमच्या शेतात बी आसंच बसायचे. आता तिथं पार्किंग हाय. वाचा, फुडं वाचा."

झाकण मिटलं. दोघीही कान देऊन ऐकत होतो. काही आवाज आला नाही.

अकोल्याला पोचल्यावर बाबांनी पेटी तीनदा उघडली, तीनदा मिटली. आता वही जपली जाईल, कुणी हात लावणार नाही, असं मी मनाशी धरलं होतं. झालं उलटंच. पानं झडतील या भीतीनं आम्ही वर्षानुवर्षं ती उघडलीच नव्हती. आता झडलंच काही तर पेटीतच राहील, म्हणून रोज संध्याकाळी बाबा पेटी मांडीवर घेतात, एक पान वाचतात, आणि शेजारची चार माणसं बगळ्याची गोष्ट पुन्हा सांगा म्हणून हट्ट धरतात.