हिरडीच्या पावडरीचं नख

माझ्या धाकट्या बहिणीचं एक नख मी केलेलं होतं. केलेलं म्हणजे खरोखर केलेलं, दाताच्या कवळ्या ज्या पावडरीच्या करतात त्या पावडरीचं. आता शहरातल्या पोरी हौसेनं अशी नखं बसवून घेतात, आरामात खुर्चीत बसून, गाणी ऐकत. ती नखं घासायची मोटर घूं करून सुरू झाली की मी अजूनही उठून बाहेर जाते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बिदरला मामाचं कवळ्या करायचं दुकान होतं आणि मॅट्रिक झाल्यावर मी तिथंच कामाला लागले होते. दाताचे डॉक्टर मापं पाठवायचे, मामा कवळी ओतायचा, आणि तिच्या खडबडीत कडा घासून गुळगुळीत करायचं काम माझं. आधी हातातली कानस, मग विजेची मोटर. पायानं दाबली की फिरायची, आणि तिच्या लवचिक दांडीच्या टोकाला असलेली बारकी कानस गरगरायची. माझा हात चांगला बसला होता. पण घासताना चुकलं तर कवळी ओरडत नाही.

बहीण गावाकडं, कमठाण्याला, आईवडिलांजवळ. लहानपणी तिचं करंगळीशेजारचं बोट दारात चेंगरलं आणि नख गेलं. पुन्हा आलं ते अर्धंच, जाडजूड, वाकडं. आमच्या घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग पहिलं स्थळ आलं. सुशील्याची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, बशी हातात घेताना मुलाच्या काकानं ते बोट बघितलं आणि बशी तशीच खाली ठेवली. आठवडा उलटायच्या आत गावभर झालं की पोरीची बोटं झडायला लागलीत. महारोग हा शब्द आमच्या तोंडावर कुणी काढला नाही, पण विहिरीवर बायका तिच्या घागरीला आपली घागर लागू देईनात. आईनं हाय खाल्ली. मला मात्र असा संताप आला होता की त्या काकाला गाठून... जाऊ द्या.

दुसरं स्थळ औशाकडचं आलं. मुलगा शाळेत मास्तर. मी गावी गेले होते तेव्हा आई म्हणाली, हेही मोडलं तर ही जन्मभर आमच्या गळ्यात. आणि हे ती बहिणीसमोर म्हणाली! बहीण भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. तिची ती मान खाली घातलेली बघितली आणि मी ठरवलं, नख करायचं.

मामाला विचारलं तर तो माझ्याहून जास्त भ्याला. "दात मेलेला असतोय बाई," तो म्हणाला. "बोट जित्तं हाय. मी हात लावणार न्हाई, आन तूबी लावू नको." मी बहिणीला दुकानात बोलावून घेतलं आणि तो दुपारी जेवायला गेल्यावर हात लावला.

दाताच्या पांढऱ्या पावडरीत हिरड्यांची गुलाबी पावडर चिमूटभर मिसळली, म्हणजे रंग नखासारखा येईल. पातळ औषधात कालवून तो गोळा तिच्या अर्ध्या नखावर थापला. त्या वासानं दोघींच्या डोळ्यांना पाणी. आता ही पावडर घट्ट होताना तापते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी ती वाटीत तापलेली बघितली होती. बोटावर किती तापेल, देव जाणे.

"अक्का, भाजायलंय," ती म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मी तिचं मनगट धरून फुंकर घालत राहिले आणि मला एकच दिसत होतं, की हिचं बोट आता माझ्या हातानं जाणार आणि गावाचं म्हणणं मीच खरं करून दाखवणार. गोळा उपटून काढावा तर तो बसलेला, ठेवावा तर हिचं अंग थरथरायलेलं.

हळूहळू निवलं. बोटावर एक ढेकूळ तयार झालं होतं. हाताच्या कानशीनं कडा धरल्या, एकाच अंगानं घासत, उलट ओढ न देता. मग मोटर. फिरती कानस एका जागी टेकू द्यायची नसते, नाहीतर आग होते. टेकव, उचल, टेकव, उचल. पण माझा पायच लटलट कापत होता, आणि पाय कापला की मोटर मध्येच पिसाळायची. एकदा कानस घसरून कातड्याला लागली. रक्ताचा ठिपका आला. मी मोटर सोडून दिली आणि रडायलाच लागले. तर ही बया मलाच म्हणते, कर की, अर्धं कामून सोडायलीस. शेवटी पालिश कागदानं घासून, तेलाचं बोट लावून बघितलं, तर शेजारच्या नखात आणि त्यात फरक सांगता येईना. ती हात उलटासुलटा करून बघत बसली. तिला हसताना मी किती दिवसांनी बघत होते.

बघायच्या दिवसासाठी मीही गावाकडं आले होते. औशाची माणसं सकाळीच आली. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. मुलाला आई नव्हती, आत्यानंच वाढवलेलं. बाहेर आमचे वडील त्यांच्याशी ऊसपाण्याचं बोलत बसले होते. आत स्वयंपाकघरात बहिणीनं डोक्यावर पदर घेतला आणि पदराचा धागा त्या नखाच्या कडेत अडकला. बघते तर कड उचकटलेली. तशी ती चहा घेऊन गेली असती तर सगळ्यांसमोर पदराबरोबर नख सुटून आलं असतं. मी बरोबर आणलेली कानस काढली.

औशाकडच्यांना कानडी येत नाही, म्हणून आम्ही दोघी कानडीत बोलत होतो. कै कोडु, म्हणजे हात दे. आमच्याकडं शेवटचा उकार गिळतात, नुसतं कोड असंच ऐकू येतं. ती घाबरून हात मागं घेई आणि मी दबक्या आवाजात म्हणत राही, "कोड, अगं कोड."

मधली भिंत म्हणजे नुसता मातीचा कूड, पलीकडं आत्याबाई बसलेल्या. त्या सरळ आत आल्या.

"कोड कुणाला हाय?"

आईच्या हातातलं पातेलं कलंडलं. मी म्हणाले, आत्याबाई, तसलं कायबी न्हाई, कानडीत कोड म्हणजे दे. त्यांनी विचारलं, काय दे? आता काय सांगू? हात दे म्हणावं, तर हात कशाला, आणि कानस माझ्या मुठीत. मी गप्प झाले. माझं गप्प होणंच त्यांना पुरलं. आई शपथा घ्यायला लागली, पण त्यांनी बहिणीला कोठीच्या खोलीत नेलं, मला दाराशी उभं केलं आणि म्हणाल्या, चोळी काढ.

उजेडाच्या झरोक्याखाली माझी बहीण उघड्या पाठीनं उभी राहिली. त्या बाईनं तिची पाठ, दंड, कंबर, गुडघे, सगळं बोटानं चाचपून बघितलं. हात बघितले. ते नखसुद्धा दोन बोटांत धरून पुढं गेल्या. बाहेर माणसं, आत ही अशी, आणि मी दाराला पाठ लावून पुतळा झालेली.

"अंग निर्मळ हाय पोरीचं," त्या म्हणाल्या.

बहिणीनं चोळीची गाठ मारली. मग अगदी शांतपणे बोलली. "झालं बघून? आता तुमच्या पोराचीबी पाठ बघू द्या. माझी अक्का बघंल."

मला वाटलं, मेलो आपण. ही बाई आता तिच्या थोबाडीत मारणार आणि बाहेर जाऊन बोभाटा करणार. पण आत्याबाई ज्वारीच्या पोत्यावर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावला.

"कमरंवर हाय त्याच्या," त्या म्हणाल्या. "तळहाताएवढं. जमलेलं दोनदा मोडलं. कुणी कोड म्हणलं की मला भिताडाआडून बी ऐकू येतंय गं."

मग बहिणीनं आपला हात त्यांच्यापुढं धरला. "हे नख माझं न्हाई, आत्याबाई. अक्कानं कवळीच्या पावडरीचं करून घासून बसवलंय."

त्यांनी ते बोट डोळ्यांजवळ नेलं. उचकटलेली कड अंगठ्यानं दाबून बघितली. मग माझ्याकडं वर बघितलं, आणि त्या चेहऱ्यावरची आशा बघून मला माझ्या सगळ्या भीतीपेक्षा जास्त भीती वाटली.

"आन कोडावर बसवाया कायच न्हाई का गं तुमच्या दुकानात?"

मी न्हाई म्हणाले.

"नको बी," बहीण म्हणाली. "मास्तरांना आत बोलवा. हे नख मी त्यांच्यासमोरच काढते."