चंद्रावरची कडी, ओहोळावरचा साकव

जगदाळेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दांडीला, समुद्राकाठच्या आमच्या गावी, घराच्या ओटीवर आईबरोबर सुके बोंबील निवडत बसले होते. जुलैतला रविवार, दुपारची वेळ. फोनवर काकू होत्या. "सुरेखा, काका गेले गं... वाटेतच गेले, हायवेवर." एवढंच बोलल्या. समोर भरतीचं पाणी होड्यांच्या खाली हळूहळू शिरत होतं आणि मी कितीतरी वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिले. आईनं विचारलं, "कोण गेला गो?" मी म्हटलं, "माझे काका." आमच्या नात्यात जगदाळे कोणी नाही हे आईला ठाऊक होतं. तरी तिनं टोपली बाजूला सारली, हात धुतले आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

काका मूळचे साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. आयटीआय करून विशी-बाविशीत बोईसरला आले ते इथलेच झाले. आमच्या वर्कशॉपमध्ये वर्षानुवर्षं लेथवर काम करून पुढे ते तपासणीच्या खोलीचे प्रमुख झाले. मी डिप्लोमा करून लागले ती त्यांच्याच हाताखाली. बाहेर कटिंग ऑइलचा वास, यंत्रांचा कल्ला, हिंदीतल्या हाका. आणि काचेचं दार ढकललं की आत एकदम थंडगार शांतता, पाण्याखाली गेल्यासारखी. पहिल्याच दिवशी मी घाईनं मायक्रोमीटर उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "आधी दहा मिनिटं बस. गार हो. हाताची ऊब मापात उतरते." मी बसले. पुढची बारा वर्षं रोज सकाळी आम्ही दोघं तसे दहा मिनिटं गप्प बसायचो. त्या दहा मिनिटांत ते कुठे जाऊन यायचे कोण जाणे. डोळे उघडे असायचे, पण समोरचं काही बघत नसायचे.

एकदा एक वेगळं काम आलं. पांढुरक्या धातूची कडी, बांगडीएवढी. ड्रॉइंगवर फक्त नंबर. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. पहिला सगळा माल काकांनी नापास केला. मापातला फरक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी होता. शेठ खोलीत आले, चिडले, मग समजावू लागले, की एवढं कोण बघतंय, बसेल ती कडी. काका शांतपणे म्हणाले, "शेठ, बसलीच नाही तर तिथं फाइल मारून घासायला माणूस कोण जाणार?" ती नक्की कुठं जाणार, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. काही महिन्यांनी ते काम देणाऱ्या कंपनीचे एक अधिकारी आले आणि बोलता बोलता म्हणाले, की तुमच्या कड्या चंद्रावर जाणाऱ्या यानात बसल्यात.

त्यानंतर काका थोडे बदलले. चहाला आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर जायचो. कधीकधी तिसऱ्या प्रहरी कारखान्यांच्या चिमण्यांच्या वर चंद्र दिसायचा, पुसट, पाटीवरचा खडू हातानं पुसला गेल्यासारखा. काका चहाचा ग्लास हातात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहायचे. "आमच्या गावात पाण्याचा टँकर यायचा तेव्हा माणसं अशी वाटेकडं बघत उभी राहायची," असं एकदा म्हणाले. चहावर साय धरली.

यान उतरलं ती ऑगस्टातली संध्याकाळ. शेठनी कँटीनमध्ये टीव्ही लावला होता. बिहारची पोरं, ओडिशाचे वेल्डर, ऑफिसातल्या बायका, सगळे उभे. काका मात्र एका स्टुलावर बसून होते, दोन्ही हात मांडीवर, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे. यान उतरलं. कोणीतरी "उतर गया" म्हणालं आणि मग टाळ्या, पेढे... काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मला हळूच म्हणाले, "बसली बरं का आपली कडी."

त्या दिवशी सोमी कामावर आली नव्हती. सोमी आमच्याकडे झाडलोट करायची. डोंगराकडच्या एका पाड्यावरून रोज यायची. चार दिवसांनी आली ती सरळ झाडू घेऊन कामाला लागली. काकांनी तिच्यापुढे पेढ्यांचा उरलेला पुडा धरला. तिनं घेतला नाही. मग खाली बघत सांगू लागली. पाड्याच्या अलीकडे ओहोळ आहे, त्याच्यावरचा साकव, पायी जायचा छोटा पूल, वाहून गेलाय. सुनेला कळा सुरू झाल्या, तिला झोळीत घालून माणसांनी पाण्यातून आणली, पण वेळ लागला. अलीकडच्या काठाला खडकावरच ती बाळंत झाली. "पोरगा होता. रडला नाय," सोमी म्हणाली. "तुमचा ते वर उतरला ना... त्याच दिवशी."

काकांनी पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला ठेवला. मग विचारलं, "ओहोळ किती रुंद आहे?"

"नाय मोजला कदी."

तो प्रश्न तेव्हा मला कोरडा वाटला होता. आता वाटतं, दुःख झालं की माणूस आपल्याला येतं तेच काहीतरी करू बघतो. पुढच्याच रविवारी ते मला घेऊन स्कूटरवर पाड्याकडे गेले. डोंगरावर धुकं उतरलेलं, भातखाचरं हिरवीगार, सगळं इतकं सुंदर की तिथं काही वाईट घडलं असेल असं वाटू नये. काकांनी सोमीच्या मुलाच्या मदतीनं टेप धरून ओहोळ मापला. घरी बसून साकवाचं ड्रॉइंग काढलं, आणि त्याच वर्षी निवृत्त झाल्यावर ते ड्रॉइंग गुंडाळून सरकारी कार्यालयं धरली.

एका कार्यालयात कळलं, की तिथं नवा साकव मंजूर करता येत नाही, कारण तिथं साकव आहे. तिथल्या साहेबांनी वही उघडून दाखवली. "काका, आमच्या रेकॉर्डला तो उभा आहे." माणूस वाईट नव्हता, चहा मागवला त्यानं. वाहून गेल्याचा कागद वर पोचायलाच वर्ष गेलं. मग निवडणूक आली. एक पुढारी येऊन नारळ फोडून गेले, फलक लागला. काम सुरू झालं आणि काका रोज तिथं जाऊन बसू लागले. दोन खांब उभे राहिले. त्यातला एक तिरका, चांगला वीतभर. काकांनी ओळंबा लावून ते दाखवलं. मी त्या दिवशी तिथं होते. साइटवरचा इंजिनियर हसून म्हणाला, "चालतंय काका. साकव आहे, रॉकेट नाही."

काका म्हणाले, "साहेब, त्या यानात माणूस नव्हता. ह्याच्यावरनं माणसं जाणारेत."

इंजिनियरनं मान खाली घातली, एवढं मात्र खरं. पुढे काम थांबलं. पुढच्या पावसात तो खांब आणखी कलला, आणि साकव तिथंच राहिला, दोन खांबांचा, वर काही नसलेला. काकांचे अर्ज चालूच होते. शेवटचा त्यांच्या खिशात सापडला.

जुलैतल्या त्या रविवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. बोईसरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इथं होणार नाही, पुढं न्या. रुग्णवाहिका हायवेला लागली आणि थांबली. रस्त्याचं काम, खड्डे, उलट्या बाजूनं घुसलेले कंटेनर, सगळं जाम. हे काकूंनी मला तेराव्यानंतर सांगितलं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, अगदी सावकाश. "कुठवर आलो, म्हणून विचारायचे. मी काचेतनं बघायची. एका हॉटेलाची पाटी होती बाहेर. परत विचारलं, परत बघितलं, तीच पाटी. तिसऱ्यांदा विचारलं..." त्या थांबल्या. "तवा मी खोटं बोलले गं. पोचलो म्हटलं. बरं म्हणाले, आणि डोळे मिटले."

आयुष्यभर चुकीचं माप पास न केलेल्या माणसानं ते एक माप तपासलं नाही, की तपासून पास केलं... मी काकूंना विचारलं नाही. त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिले.

गेल्या आठवड्यात सोमीबरोबर पाड्यावर जाऊन आले. का गेले ते सांगता येणार नाही. पाऊस ओसरला होता. डोंगर ढगात अर्धा विरघळलेला, आणि ओहोळाचं पाणी लालसर, गुडघ्याच्या वर. सोमीची सून बाजाराहून परत येत होती, कडेवर वर्षाची मुलगी. आम्ही तिघी काठाशी आलो आणि त्या दोघी एकदम थांबल्या. कललेल्या खांबाकडे बघू लागल्या. खांबावर लाल ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती. पट्टी धरून मारलेली, खांब तिरका असूनही पाण्याशी अगदी समांतर.

"ती कसली?" मी विचारलं.

"काकाची," सोमी म्हणाली. "मागचा आख्खा पावसाळा येऊन बसायचा. कोण उतरला, पाणी कुठवर लागला, सगळा विचारायचा. मग उन्हाळ्यात मारली. रेघ बुडली का आमी कोणी उतरत नाय. बाजार नाय, शाळा नाय, काय नाय."

काकांनी मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

पलीकडून दोन बायका डोक्यावर भारे घेऊन आल्या. त्याही थांबल्या, रेघेकडे पाहिलं, मग पाण्यात उतरल्या. "उघडी हाय," सून म्हणाली, मुलीला जरा वर ओढून घेतलं आणि पाऊल टाकलं. मीही रेघ पाहिली, चपला हातात घेतल्या आणि तिच्या मागोमाग उतरले.