सुमनसिस्टरांचे पत्ते

सकाळी दवाखाना उघडला की सुमनसिस्टर आधी स्टोव्ह पेटवायच्या, काचेच्या सिरिंजा उकळायला ठेवायच्या आणि मग कपाटातून पत्त्यांचा एक जोड काढायच्या. त्यातलं एक पान स्पिरिटच्या बाटलीला टेकवून उभं करायच्या आणि चहा पीत त्याच्याकडे बघत बसायच्या. पाणी खळखळायला लागलं की पान परत कपाटात. आमच्या आक्काला इंजेक्शनसाठी घेऊन गेलो होतो, तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. नर्सबाईंनी कामाच्या जागी पत्ते घेऊन बसावं हे माझ्यासारख्या शाळामास्तराला आवडलं नाही. जवळून पाहिलं तेव्हा तर जास्तच खटकलं. त्यात राजा, राणी, गुलाम असले तरी नेहमीचे पत्ते ते नव्हते. वीज पडलेला बुरूज, एका पायाने उलटा टांगलेला माणूस, घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा, अशी एकेक चित्रं. परदेशात असल्या पत्त्यांवर भविष्य सांगतात, हे मला पुढे कळलं.

ते पत्ते आले कुठून, हे अख्ख्या उमरग्याला माहीत होतं. त्या काळी हैदराबाद रस्त्यावरून परदेशी पोरं-पोरी ट्रकवाल्यांना हात करत फिरायची. त्यातल्या एका पोरीला कावीळ झाली आणि ट्रकवाल्याने तिला दवाखान्याच्या दारात उतरवून दिलं. ती हिंडती-फिरती होईपर्यंत सिस्टरांनी तिचं सगळं केलं. तिला मराठी येत नव्हतं, यांना औषधांच्या नावांपुरतं इंग्रजी. ती पोरगी रोज पडल्या पडल्या एक पान उलटायची, त्याच्याकडे एकटक बघायची, कधी हसायची, कधी डोळे पुसायची. जाताना तिने तो जोड सिस्टरांच्या हातात ठेवला. कोणत्या पानाचा काय अर्थ, हे सांगायला दोघींमध्ये भाषाच नव्हती. सिस्टर म्हणायच्या, "न्हाय सांगितलं तेच बरं झालं. सांगितलं आसतं तर म्या तेवढंच बघितलं आसतं."

शेजारपाजारच्या बायकांना ही करणी वाटायची, डॉक्टरांना जुगार. सगळ्यात जास्त राग होता तो सिस्टरांच्या सख्ख्या भावाला. त्यांच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हापासून अंगारे, गंडे, ज्योतिष सगळं उंबऱ्याबाहेर गेलं होतं, आणि आता बहीणच असलं काही घेऊन बसली म्हणून तो तिच्याशी बोलायचा बंद झाला. सिस्टर प्रत्येकाला एकच सांगायच्या, "पुढचं सांगतो तो भोंदू. म्या पुढचं इचारतच न्हाय. आज माझ्या मनात काय चाललंय तेवढं बघती." ऐकायला हे बरं वाटायचं, पण माझा विश्वास बसत नव्हता. मनात काय चाललंय ते बघायला हाडांचा सापळा कशाला लागतो?

आक्का माझी थोरली बहीण. मोठ्या दुष्काळात दाजी गेले. बेंबळीजवळच्या तिच्या सासरी ती दुष्काळी कामावर खडी फोडून कशीबशी तगली, आणि मग मी तिला माझ्याकडे उमरग्याला आणलं. गावची जमीन तिचा दीर रंगराव कसत होता. सहकारी साखर कारखाना निघणार अशी हवा होती. सगळी जमीन एका नावावर आली तर विहीर पाडून ऊस लावता येईल, कारखान्याचं सभासद होता येईल, तेव्हा आक्काने आपला हिस्सा सोडून द्यावा, असं रंगरावाचं म्हणणं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आक्कानेही होकार दिला होता.

पण इंजेक्शनं संपली तरी आक्काचं दवाखान्यात जाणं संपेना. विचारलं तर म्हणाली, "सुमन एक पान देती, म्या बघत बसती. लई निवांत वाटतं." मला मात्र घोर लागला. एक दिवस ती परत आली ती वेगळ्याच चेहऱ्याने. त्या दिवशीच्या पानावर चंद्र होता, डोंगर होता, आणि काठी टेकत निघालेलं पाठमोरं माणूस. मागे भांडी रचून ठेवलेली. आक्काला ते माणूस बाई वाटलं. भांडी मागं ठेवून ही कुठं निघाली, असं सिस्टरांनी विचारलं, आणि आक्काच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "घराकडं."

दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, हिस्सा सोडणार नाही, गावी जाऊन स्वतः कसणार.

हे सिस्टरांनीच तिच्या डोक्यात भरवलं, याबद्दल मला शंका राहिली नाही. प्रश्न एवढाच होता की यात त्यांचा फायदा काय. बेंबळीकडे त्यांचे कुणी नातलग आहेत का, रंगरावाशी वैर असलेल्या कुणाशी त्यांची ओळख आहे का, मी गुपचूप चौकशी केली. काही सापडलं नाही, त्यामुळे तर मला त्या जास्तच धूर्त वाटू लागल्या.

मग बाजाराच्या दिवशी रंगराव चार माणसं घेऊन थेट दवाखान्यात आला. डॉक्टर बाहेर गेले होते. मीही त्याच्या मागोमाग आत शिरलो. माझ्या वैनीवर काय केलं ते सांगा, नाहीतर हे पत्ते इथंच जाळतो, असं तो म्हणाला. सिस्टरांनी जोड काढला, वरचं पान त्याच्यासमोर ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आधी बघा. बोलायची घाई न्हाय."

पानावर अंथरुणात उठून बसलेला माणूस होता. तोंड दोन्ही हातांत झाकलेलं.

रंगराव पान फेकून देणार असं वाटलं. पण तो बघत राहिला. "ह्याला झोप न्हाय," तो म्हणाला.

"कशानं?"

त्याच्याबरोबरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग कुणाकडेच न बघता तो म्हणाला, "दादा गेला तवा म्या त्येला शब्द दिला हुता. वैनीला उघडं पडू देनार न्हाय म्हून." त्याने पान खाली ठेवलं आणि निघून गेला. जमिनीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

सगळे रंगरावाकडे बघत होते तेव्हा मी सिस्टरांच्या हातांकडे बघत होतो. त्यांनी पत्ते पिसले नव्हते. माणसं गेल्यावर मी सरळ म्हणालो, "सिस्टर, ते पान तुम्ही मुद्दाम वर ठेवलं होतं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सकाळी बाजारात ते दवाखान्याची वाट इचारत हुते, तवाच त्येंचे डोळे बघितले हुते. मानसाची झोप झाली न्हाय, एवढं नर्सला कळत न्हाय व्हय?"

"मग आक्काचं पान?"

त्या गरम सिरिंजा चिमट्याने एकेक करून ट्रेमध्ये ठेवत होत्या. "ते आक्काला इचारा, गुरुजी. म्या काय बी सांगितलं तरी तुमचा इस्वास बसायचा न्हाय."

हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

या प्रकाराची चर्चा झाली, पेशंट बिचकायला लागले. पत्ते सोडा नाहीतर दवाखाना सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिस्टरांनी दवाखाना सोडला आणि सोलापूरला एका इस्पितळात लागल्या. पुढे काही वर्षांनी तिथेच आजारपणात गेल्या. निरोप मला त्यांच्या भावाकडून मिळाला. तो शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होता म्हणे. पत्त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

तो निरोप सांगायला मी आक्काकडे तिच्या गावी गेलो. तोवर कारखाना उभा राहिला होता आणि आक्का स्वतःच्या नावाने सभासद झाली होती. ती तुरीत खुरपत होती. ऐकून ती बांधावर बसली, पदराने तोंड पुसत राहिली. ती जरा सावरल्यावर, इतकी वर्षं मनात अडकलेलं मी विचारलंच. ते पान सुमनसिस्टरांनी तुला ठरवून दिलं होतं का?

"दिलं आसंल," आक्का म्हणाली. "पर 'घराकडं' आसं तिनं न्हाय म्हनलं. म्या म्हनलं."

माझं पूर्ण समाधान झालं असं आजही म्हणवत नाही. पान हातात देणाऱ्याचा हात मला अजून आधी दिसतो, चित्र मागाहून. पण आक्का उठली, लुगड्याचा ओचा खोचला आणि आपल्या रानात पुन्हा खुरपायला लागली, ते मी बांधावर बसून बराच वेळ बघत राहिलो. बोलायची घाई केली नाही.