हेंड्रिकचा चांदीचा कर्णा

केल्सी घाट गावच्या लोकांनी हेंड्रिक ऑस्ट्रँडरला आगीच्या बंबाचा नायक केलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच दिलं. धंदा टोप्या विकायचा. हुकूम सोडायला चांदीचा कर्णा मिळाला, तेव्हापासून हा गृहस्थ बायकोकडे मीठसुद्धा कर्ण्यातून मागायचा!

१८८३च्या नोव्हेंबरात एकदा सूर्य बुडाल्यावर पश्चिमेचं आभाळ लालभडक झालं. झालं! "पलीकडचं गाव जळतंय, ओढा रे!" गडी बंब ओढत टेकडी चढले. वर पोचले तर लाली पुढच्या टेकडीमागे. हेंड्रिक पुन्हा ओरडला, पुन्हा टेकडी. शेवटी अंधार पडला आणि आग आपली आपणच विझली. परतताना पोरी खिडक्यांतून विचारत होत्या, "काय नायक, विझवलात का सूर्य?"

दुसऱ्या संध्याकाळी आभाळ तसंच पेटलं. आता शहाणा झालेला हेंड्रिक बंबाच्या खोलीला कुलूप लावून दारातच बसला. तेवढ्यात गावाच्या पश्चिम टोकाची विधवा डॉर्कस हॅझब्रूक धापा टाकत आली.

"ऑस्ट्रँडर, माझा गोठा पेटलाय! बंब काढा!"

"बाई, तो सूर्य आहे. कालच भेटून आलो त्याला."

"अहो, दोन गाई आहेत आत!"

"घरी जा. पुन्हा हसं करून घ्यायला मी रिकामा नाही."

तिनं डोकं पुढे केलं. "माझे केस हुंगा."

त्यानं तोंड फिरवलं. जमलेल्या गड्यांनी हुंगले. त्यांनी नायकाला बाजूला ढकललं आणि कुलूप फोडलं. घर वाचलं. गाई गेल्या.

लाज वाटली असेल म्हणता? नाव काढू नका! नाताळाच्या आधी बंबवाल्यांची मेजवानी होती. तोवर पेपरात आलं होतं, की दूर जावा बेटाकडे डोंगर फुटला, त्याची राख आभाळभर पसरली, म्हणून संध्याकाळ अशी पेटते. हेंड्रिक कात्रण घेऊन उभा राहिला. "मंडळी, मला त्या राखेनं फसवलं. भलेभले फसले!" आणि आमच्या लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

डॉर्कस दुधाची किटली घेऊन आत आली. टेबलावरचा कर्णा तिनं उचलला, तोंड वर करून धरला आणि किटली त्यात ओतली. काळी राख खालून हेंड्रिकच्या ताटात सांडली.

"ती आभाळातली," ती म्हणाली. "ही माझ्या गाईंची. फुंका आता."